१८ पेनल्ट्यांपैकी १७ गोल झाले, तरी म्हणे पाय कापले

परवा घरच्या ग्रुपवर दादाने एक फॉरवर्ड टाकला. मथळा होता, "शिल्ड घेतली आणि शेपूट घातली! मुंबई सिटी का कोसळली, पाच कटू सत्यं." त्याखाली दादाची स्वतःची ओळ : "म्हणून म्हणतो, पुढच्या वर्षी दहावी आहे, आता फुटबॉल पुरे." ही ओळ माझ्या पुतण्यासाठी होती आणि तो त्याच ग्रुपवर आहे. घोडबंदर रोडच्या टर्फवर सकाळी सहाला हजर असणारा मुलगा आहे तो, डिफेन्समध्ये खेळतो. त्याने काही उत्तर दिलं नाही, म्हणून मी देतेय. संध्याकाळपर्यंत तोच मजकूर आमच्या ऐरोलीच्या ऑफिस ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन थडकला, तेव्हा हे उत्तर फक्त दादाला नाही.

ज्यांना हा मोसम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२२-२३ च्या इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगमध्ये आपला मुंबई सिटी क्लब सलग १८ सामने हरला नव्हता. त्यातले ११ तर ओळीने जिंकले. ११ फेब्रुवारी २०२३ ला गोव्यात फातोर्ड्याला एफसी गोवाला ५-३ हरवून, दोन सामने शिल्लक असतानाच, लीगची शिल्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिल्या आलेल्या संघाची ट्रॉफी, खिशात घातली. आणि मग घसरण. १५ तारखेला बेंगळुरूकडून १-२, १९ ला घरच्या मैदानावर ईस्ट बंगालकडून ०-१. ७ मार्चला सेमीफायनलच्या पहिल्या सामन्यात पुन्हा घरीच बेंगळुरूकडून ०-१. १२ मार्चला बेंगळुरूत २-१ जिंकलो, दोन सामने मिळून २-२ झाले आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये ८-९ ने गेलो. एवढा दणकेबाज मोसम आणि कपच्या, म्हणजे लीगनंतरच्या बाद फेरीच्या, फायनललाही पोचलो नाही. दुखतंच. ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, असं करत अंधेरीला मॅच बघायला जाणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते दुखलं.

पण त्या दुखण्यावर फॉरवर्डवाल्याने जे रचलंय ते खोटं आहे. सुरुवात त्याच्या पाचव्या मुद्द्यापासून करते, कारण घरातल्या मुलाला लागला तो हा मुद्दा. शब्द असे : "ऐन वेळी आपल्या पोरांचे पाय कापतात. परदेशी खेळाडू बाजूला काढा, मागे शून्य. मराठी पोरांनी तर या नादाला लागूच नये."

पाय कापले म्हणे. १२ मार्चच्या सामन्याची लीगची अधिकृत नोंद उघडा, कोणालाही बघता येते. शूटआऊटमध्ये दोन्ही संघांनी प्रत्येकी ९ पेनल्ट्या मारल्या. एकूण १८. त्यातल्या १७ गोलात गेल्या. पाच-पाच झाल्या, निकाल नाही. मग सडन डेथ, म्हणजे एक चूक झाली की खेळ खलास. अशा वेळी श्रीकांतीरवा स्टेडियमवर, समोर बेंगळुरूचंच पब्लिक ओरडतंय, आणि मुंबईचा एकेक जण येतो, चेंडू ठेवतो, गोल करतो. आठ जणांनी ते केलं. नववी पेनल्टी मेहताब सिंगची, ती बेंगळुरूचा गोलकीपर गुरप्रीत सिंग संधूने अडवली. मग संदेश झिंगनने बेंगळुरूसाठी शेवटची मारली.

आता हा मेहताब कोण? सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीतला मधला खेळाडू. याच सामन्यात ६६व्या मिनिटाला त्याने गोल केला, त्या गोलामुळे दोन सामन्यांची बरोबरी झाली आणि म्हणून तर शूटआऊटची वेळ आली. तो गोल झाला नसता तर मुंबई नव्वद मिनिटांतच बाहेर गेली असती. या खेळाडूचा पेनल्टी अडवली गेल्यानंतरचा चेहरा कापून, त्यावर लाल बाण काढून, खाली "दम नाही" असं लिहून लोकांनी पाठवलंय. मला याचा मनापासून राग आहे. आपल्या पुतण्याच्या जागचा खेळाडू आहे तो.

परदेशी आणि देशी असा हिशेबच करायचा असेल तर तोही करू. त्याच सामन्यात सुरुवातीलाच मुंबईला पेनल्टी मिळाली होती. मारली ग्रेग स्टुअर्टने, स्कॉटलंडचा, संघातला सगळ्यात कसबी पाय. गुरप्रीतने तीही अडवली. म्हणून स्टुअर्टमध्ये दम नव्हता का? अजिबात नाही, त्याने त्या मोसमात आम्हाला भरभरून दिलं. पेनल्टी कोणाचीही अडते. आणि दोन्ही वेळा अडवणारा कोण होता? पंजाबचा गुरप्रीत. शेवटची पेनल्टी मारणारा झिंगन चंदीगडचा. पहिल्या सामन्यात ७८व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून अंधेरी गप्प करणारा बेंगळुरूचा सुनील छेत्री, तोही बाकावरून येऊन. म्हणजे "आपल्या पोरांचे पाय कापतात" हे सिद्ध करायला ज्या सामन्यांचा दाखला दिलाय, ते सामने समोरच्या संघाला आपल्याच पोरांनी जिंकून दिले! लिहिणाऱ्याने सामना बघितलेला नाही. बघितला असता तर हे लिहायला हात धजला नसता.

पुढचं वर्षही त्याने सोयीस्कर गाळलंय. २४ एप्रिल २०२४, पुन्हा सेमीफायनल, पुन्हा फातोर्डा, समोर एफसी गोवा. ९० मिनिटं होत आली तरी मुंबई ०-२ मागे. मग लालियानझुआला छांगटेचा गोल ९०व्या मिनिटाला, विक्रम प्रताप सिंगचा त्याच्या पुढच्या मिनिटाला, आणि भरपाई वेळेत, ९०+६ ला, पुन्हा छांगटे. ३-२. दोघंही आपलीच पोरं. हा छांगटे २०२२-२३ मध्ये, म्हणजे तथाकथित कोसळलेल्या मोसमात, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. आणि ४ मे २०२४ ला फायनलमध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून कप घेतला, तो उचलणारा कर्णधार राहुल भेके. मुंबईचा, मराठी आडनावाचा. याच राहुल भेकेने २०१९ च्या फायनलमध्ये ११७व्या मिनिटाला हेडरने गोल करून बेंगळुरूला कप मिळवून दिला होता, तोही आपल्याच अंधेरीच्या मैदानावर. "मराठी पोरांनी नादाला लागू नये" हे वाक्य त्याच्या आईवडिलांनी ऐकलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. दहावीचं टेन्शन मला समजतं. अभ्यास आणि प्रॅक्टिस कसं बसवायचं ते घरात बसून ठरवू. पण मुलाला खेळ सोडायला सांगताना त्याच्या हातात खोटं कारण देऊ नका.

आता उरलेले चार. त्यांना एवढा वेळ द्यायची गरज नाही.

पहिला, "१८ सामने म्हणजे नुसतं नशीब." २० सामन्यांत ५४ गोल केलेत, ४६ गुण, तोपर्यंत लीगमध्ये कोणी एवढे मिळवले नव्हते. नशीब ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत सलग टिकत नाही. विषय संपला.

दुसरा, "शिल्ड मिळाली, आशियाचं तिकीट मिळालं, म्हणून मालकांनी मोसम सोडून दिला." तिकीट मिळालंच नव्हतं. त्या वर्षी शिल्ड विजेत्याला आधीच्या वर्षीच्या शिल्ड विजेत्याशी, म्हणजे जमशेदपूरशी, एक सामना खेळून एएफसी चॅम्पियन्स लीगची, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या मोठ्या स्पर्धेची, जागा कमवायची होती. तो सामना ४ एप्रिल २०२३ ला केरळात मंजेरीला झाला आणि मुंबईने ३-१ जिंकला. सोडून दिलेला संघ सेमीफायनलच्या दुसऱ्या सामन्यात, परक्या मैदानावर, एक गोल मागे असताना दोन मारत नाही.

तिसरा, शिल्डचा शाप. इथे मला नाइलाजाने अर्धी गोष्ट मान्य करावी लागते. २०१९-२० पासून शिल्ड सुरू झाली. त्या वर्षीची विजेती एफसी गोवा सेमीफायनलला हरली. २०२१-२२ ची जमशेदपूरही सेमीफायनललाच. २०२२-२३ ला आपण. २०२३-२४ ला मोहन बागान फायनल हरलं. यादी ऐकली की कोणालाही वाटेल, काहीतरी आहे. पण २०२०-२१ ला मुंबई सिटीनेच शिल्ड आणि कप दोन्ही घेतले, फायनलमध्ये बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला गोल केला होता. २०२४-२५ ला मोहन बागाननेही दोन्ही घेतले. मग शाप सुट्टीवर गेला होता का?

कारण बघायचं असेल तर वेळापत्रक बघा. २०२२-२३ मध्ये नवीन पद्धत आली : पहिले दोन संघ थेट सेमीफायनलला, तिसरा ते सहावा आधी एकेक बाद सामना खेळणार. ऐकायला हा पहिल्या दोघांचा फायदा वाटतो. प्रत्यक्षात मुंबईचा शेवटचा लीग सामना १९ फेब्रुवारीला आणि सेमीफायनल ७ मार्चला, मध्ये १५ दिवस सामनाच नाही. समोरून आलेली बेंगळुरू लीगचे शेवटचे आठही सामने जिंकून आलेली, त्यातला एक आपल्याविरुद्ध. वर ३ मार्चला केरळ ब्लास्टर्सशी जादा वेळेपर्यंत गेलेला बाद सामना खेळून पाय गरम ठेवलेले. दुसऱ्या क्रमांकावरच्या हैदराबादचं काय झालं? तेही थेट सेमीफायनलला, तेही एटीके मोहन बागानकडून शूटआऊटवरच बाहेर. पहिले दोन्ही संघ थांबून राहिले आणि दोन्ही पेनल्टीवर गेले. माझ्या मते या घसरणीचं निम्मं उत्तर इथे आहे. बाकी निम्मं असं की शिल्ड हातात आल्यावर मुंबईची धार थोडी कमी झाली होती. ईस्ट बंगालविरुद्ध ते दिसलं, नाही म्हणत नाही. बचाव तर आधीपासूनच गळत होता, गोव्यात जिंकताना तीन गोल खाल्ले होते. प्रशिक्षक डेस बकिंगहॅमचा सगळा भर पुढे जाऊन मारण्यावर, आणि गोल होत होते तोवर मागची गळती कोणाला टोचली नाही. यावर बोला ना. यावर खेळाडूही बोलतील.

चौथा मुद्दा, "शिल्ड म्हणजे बिनकामाची थाळी, खरा चॅम्पियन कपवाला." त्या मोसमात कप तीन-चार सामन्यांत मिळणार होता, शिल्डसाठी २० सामने एकेक गुण जमवावा लागला, सगळ्या संघांशी, घरी आणि बाहेर. नवी मुंबईकरांना तर ही शिल्ड कशाला उपयोगी पडली ते वेगळं सांगायला नको. तिच्यामुळे मंजेरीचा सामना मिळाला, तो जिंकला म्हणून मुंबई आशियाच्या मोठ्या स्पर्धेत गेली, आणि म्हणून ६ नोव्हेंबर २०२३ ला सौदीचा अल-हिलाल क्लब नेरूळच्या डीवाय पाटील स्टेडियमवर खेळायला आला. त्यांचा नेमार जखमी होता, तो आला नाही. बाकी संघ आला, मित्रोविचने गोलही केला. मुंबई ०-२ हरली. माझा पुतण्या तिथे वरच्या स्टँडमध्ये होता, आणि दादा, तिकीट तूच काढून दिलं होतंस.