‘सभा झाल्या, पाणी गढूळच’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय आमच्या सगळ्यांनी वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाणीपुरवठा संस्थेने नेमलेल्या आमच्या कंपनीने वस्तीत सभा घेतल्या, तक्रारी टिपल्या, जाडजूड अहवाल केला, पण नळाला गढूळ पाणी येतंच आहे. वर ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ हा टोलाही आहे.

पैसे आम्ही संस्थेकडूनच घेतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. म्हणूनच करारात अट असते की अहवाल संचालकांना आणि रहिवाशांना एकाच दिवशी मिळेल आणि त्यातला शब्दही संस्थेला बदलता येणार नाही. ही अट ऐकून आम्हाला नेमू पाहणारे बरेच जण पुन्हा फोन करत नाहीत.

नुसत्या सभांनी काही होत नाही, हे तुमचं म्हणणं आम्हाला मान्य आहे. अमेरिकेतल्या धोरण-अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात सल्लामसलत चौथ्या पायरीवर आहे आणि तीही देखाव्याच्या गटात. लोकांच्या हाती काहीतरी अधिकार येतो तो सहाव्या पायरीपासून.

तुम्ही लिहिलंय की ‘उलट आमच्याकडेच पुरावा मागितला.’ तो प्रसंग आमच्याही लक्षात आहे. एक बाई तक्रारीची जुनी पावती घेऊन उभ्या राहिल्या. घड्या पडून कागद मऊ झालेला, शाई उडालेली. अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘मूळ प्रत कुठे आहे?’ त्यानंतर सभेत कुणी काही बोललंच नाही. पुढच्या सभेला आम्ही संस्थेची तक्रार नोंदवही टेबलावर ठेवायला लावली आणि प्रलंबित तक्रारी तारखेसकट मोठ्याने वाचून घेतल्या. नोंद सांभाळणं हे संस्थेचं काम आहे, रहिवाशांचं नव्हे.

एका मुद्द्यावर मात्र आमचं मत वेगळं आहे. पहिल्याच सभेत अधिकाऱ्यांना माफी मागायला लावायला हवी होती, असं तुम्ही म्हणता. आम्हीच त्यांना थांबवलं. काय बिघडलं, कुणी दुरुस्त करायचं आणि कधीपर्यंत, हे सांगता येत नसताना मागितलेली माफी लोकांना आणखी चिडवते. (माफीचं छापील पत्रक तयार होतं. त्यात ‘गैरसोय’ हा शब्द होता. पोटाच्या विकाराने आजारी पडलेल्यांना ‘गैरसोय’ म्हणायचं?)

पाणी अजून का सुधारलं नाही, याचं कारण अहवालात आहे. पुरवठा अधूनमधून बंद होतो, तेव्हा वाहिनीतला दाब पडतो आणि गळक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. वाहिन्या बदलायला वेळ लागतो. तोवर संस्थेच्या शब्दावर विसंबून राहा, असं आम्ही कुणालाच सांगणार नाही. म्हणून आमची पहिली शिफारस, जंतू मारायला पाण्यात घातलेलं क्लोरीन नळापर्यंत उरतं का हे बघायचा तपासणी संच वस्तीतच ठेवण्याची होती. नमुन्यात गोळी टाकायची. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, जास्त असेल तर रंग गडद होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. टाकीपाशी रंग येतो आणि तुमच्या नळापाशी येत नाही, तर वाटेत काहीतरी शिरतंय असा संशय घ्यायला जागा आहे. मग त्या टप्प्याची तपासणी तुम्ही नेमकी मागू शकता. रंग आला म्हणजे पाणी पिण्याजोगंच, असं मात्र समजू नका. गढूळ पाण्यात क्लोरीनचा तितका उपयोग होत नाही.

संच आले आहेत. तुमच्या गल्लीत अजून कुणी घेतलेला नाही. अहवालाची प्रत मिळाली नसेल तर तीही सोबत न्या. संस्थेने नाकारलेल्या शिफारशी आणि त्यांची कारणं शेवटच्या पानांवर आहेत. खर्चाचं जे कारण दिलंय, ते आम्हालाही पटलेलं नाही, आणि तसं आम्ही तिथेच लिहिलं आहे.