बारा वर्षं झाली, तरी लगेच तारीख का दिली नाही

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. ‘स्तनांतल्या सिलिकॉन इम्प्लांटना बारा वर्षं झाली म्हणून बदलून घ्यायला गेले, तर दहा मिनिटांत बोळवण केली आणि वर एमआरआय गळ्यात मारला. मॅमोग्राफी तर नॉर्मल आहे! दहा वर्षांनी बदलायचे असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.’ आणि एक स्टार. तुमची फाइल मी चव्हाट्यावर उघडणार नाही. तुम्ही स्वतः लिहिलंत तेवढ्यालाच धरून बोलते.

दहा मिनिटं कमीच होती, त्यावर सबब नाही. आणि ‘दहा वर्षं’ हा आकडा आमच्याकडूनही पसरलाय. रिव्ह्यू वाचून रिसेप्शनवर गेले, तर स्टँडमध्ये जुनं माहितीपत्रक अजून तसंच. त्यात ठळक छापलेलं: ‘आयुष्य सुमारे 10 वर्षे’. चार प्रती उरल्या होत्या, त्या काढून टाकल्या.

इम्प्लांट जन्मभराचे नसतात, हे खरं. वर्षं वाढतात तशी फाटण्याची आणि भोवतालचं आवरण आवळण्याची शक्यता वाढते. पण गोळ्यांच्या पाकिटामागे असते तशी एक्स्पायरी त्यांच्यावर नसते. पंधरा वर्षांचा इम्प्लांट धड असू शकतो आणि सहा वर्षांचा फाटलेला.

सलाईनचा, म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेला इम्प्लांट गळला तर काही दिवसांत बसतो, आरशात दिसतं. सिलिकॉनचं तसं नाही. शरीर त्याच्याभोवती स्वतःची एक पिशवी तयार करतं, तेच हे आवरण. आतलं कवच फाटलं तरी घट्ट जेल त्या पिशवीतच राहतं. आकार तोच, हाताला काही लागत नाही, आणि मॅमोग्राफीतही हे बरेचदा निसटतं. एमआरआयवर मात्र आत कोसळलेलं कवच सुटलेल्या दोऱ्यासारखं, वेड्यावाकड्या रेघांत तरंगताना दिसतं. म्हणूनच अमेरिकेची औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणारी संस्था एफडीए लक्षणं नसली तरी 5 ते 6 वर्षांनी पहिली आणि पुढे दर 2-3 वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी सुचवते. तुम्हीच लिहिलंय की बारा वर्षांत एकदाही केली नाही. मग मी न बघता कापायचं कशाच्या आधारावर?

तुमच्या मैत्रिणीला दुसरीकडे लगेच तारीख मिळाली, असंही म्हणता. तारीख देणं सोपं आहे, आणि धंदा म्हणाल तर त्यात माझाच फायदा होता. पण दुसऱ्यांदा उघडताना त्वचा आणि ऊती पहिल्यापेक्षा पातळ झालेल्या असतात, गुंतागुंत पहिल्या वेळेपेक्षा जास्त होते, आणि नवा इम्प्लांट बसवला की नवं आवरण आवळण्याचा खेळ पुन्हा पहिल्यापासून.

फाटलेला निघाला तर मी काढायलाच सांगेन. स्तन दगडासारखा कडक झाला, आकार बिघडला, दुखायला लागला, तर वर्षं मोजत बसायची गरज नाही. आणि इतक्या वर्षांनी एक बाजू अचानक सुजली तर तेव्हाच दाखवा: आतलं पाणी काढून तपासावं लागतं. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला एक दुर्मीळ कर्करोग (लिम्फोमा) असाच समोर येतो. 2019 मध्ये इम्प्लांट बनवणाऱ्या अ‍ॅलर्गनने बायोसेल जातीचे खडबडीत इम्प्लांट जगभरातून मागे घेतले ते त्यामुळेच. तरीही काही त्रास नसेल तर केवळ भीतीपोटी काढून टाका, असा सल्ला तेव्हाही दिला गेला नाही. तुमचे गुळगुळीत की खडबडीत, हे ऑपरेशनच्या वेळी मिळालेल्या कार्डावर असतं. ते हरवलं असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथल्या नोंदी मागवा.

एक प्रश्न मात्र मी विचारायला हवा होता, तो राहिला: तुम्हाला स्वतःला काय हवंय? वजन नकोसं झालंय, आकार आता आवडत नाही, किंवा मुळात इम्प्लांटच नकोत, हीसुद्धा कारणं आहेत आणि ती एमआरआयने सिद्ध करावी लागत नाहीत. काढून नवे न बसवणं हाही एक मार्ग आहे. मी गरज आहे की नाही एवढंच बोलले आणि तुम्हाला परत पाठवलं.

एमआरआय झाला की रिपोर्ट, सीडी आणि कार्ड घेऊन या. दिवसाची शेवटची वेळ ठेवते, म्हणजे बाहेर कोणी ताटकळत नसेल. या भेटीची फी नाही. रिपोर्ट पाहून दुसऱ्या सर्जनकडे जावंसं वाटलं तर तोच रिपोर्ट तिथेही चालतो, आमच्या नोंदीची प्रत रिसेप्शनवर मागा.

क्लिनिकची संचालिका व प्लास्टिक सर्जन