प्रोसेसर गार ठेवायचाय, भिजवायचा नाही

‘उन्हाळ्यात कॉम्प्युटर वाचवा’ असा एक मेसेज सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात लिहिलंय: प्रोसेसर ६० अंशांच्या वर गेला की जळतो, फॅन कायम १०० टक्क्यांवर ठेवा, कॅबिनेटचं झाकण काढून समोर पाण्याचा कूलर लावा, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा हीटसिंक यांच्यामध्ये लावायचा, उष्णता वाहून नेणारा लेप) दर महिन्याला बदला. विश्रामबागेत माझ्या मावसभावाचं डीटीपीचं दुकान आहे. हे वाचून त्याने खरोखरच कूलर लावला, म्हणून लिहायला बसलो.

आधी कूलरचंच. त्याची हवा गार लागते ती पाण्याच्या वाफेमुळे, आणि वेग वाढवला की सोबत बारीक तुषारही उडतात. आपल्याकडे टाकीत बहुधा बोअरचं पाणी. कूलरच्या गवतावर क्षारांचा जो पांढरा थर बसतो, तेच क्षार मदरबोर्डवर जाऊन बसतात. पुन्हा ओल लागली की त्यातून वीज वाहते, पिना गंजतात. भावाच्या बोर्डवर रॅमच्या स्लॉटशेजारी पांढरे ठिपके दिसत होते आणि एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीत ओली धूळ लगद्यासारखी चिकटली होती. त्या डब्यात २३० व्होल्ट येतात हो! असले सल्ले पुढे पाठवताना जरा तरी विचार करा.

६० अंशांचा आकडा कुठून आणला कोण जाणे. इंटेलच्या स्वतःच्या साइटवर कोअर आय५-१२४०० या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस दिली आहे. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर तर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जातील असेच बनवलेत. मर्यादा आली की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, तरीही भागलं नाही तर मशीन बंद होतं. एप्रिल-मेमध्ये दुकानातली हवाच ३८-४० अंश असते. हवेवर गार होणारा प्रोसेसर त्याच्या खाली जाणार कसा? कामात असताना ७०-७५ दिसले तर घाबरायचं कारण नाही.

फॅन १०० टक्क्यांवर ठेवला की तापमान थोडं उतरतं, हे मान्य करावं लागेल. पण ७० वरून १०० टक्क्यांवर नेऊन बहुतेक वेळा मोजके अंशच मिळतात. फॅनचा वेग दुप्पट केला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो, शिवाय धूळ जास्त ओढली जाते आणि बेअरिंग लवकर झिजतं. त्यापेक्षा आधी हीटसिंकमधली धूळ ब्रशने काढा. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडता येणारं सेटिंगचं पान) फॅनचा वेग ५० अंशांपर्यंत ३५-४० टक्के, ७० ला ६५-७०, ८५ ला १०० असं सेटिंग करा. वेग बदलायला दोन-तीन सेकंदांचा उशीर ठेवता येत असेल तर ठेवा, म्हणजे फॅन सारखा वरखाली होत नाही. फॅनची वायर चार पिनांची असेल तर तिथेच पीडब्ल्यूएम मोड (वेग वेगळ्या सिग्नलने ठरतो), तीन पिनांची असेल तर डीसी (वेग व्होल्टेजने ठरतो). तीन पिनांचा फॅन पीडब्ल्यूएमवर ठेवला तर तो कायम पूर्ण वेगानेच फिरतो.

थर्मल पेस्ट चांगली असेल तर काही वर्षं टिकते. दर महिन्याला हीटसिंक उचकटाल, तर एएमडीच्या एएम४ सॉकेटवरचा (यात पिना प्रोसेसरलाच असतात) प्रोसेसर एखाद्या दिवशी त्याच्याबरोबरच उपटून येईल आणि पिना वाकतील.