ट्रम्पचा बडग्या आणि आमच्या गावचा कापूस

2025 च्या पोळ्यानंतर नागपुरात मारबत निघाली, तेव्हा बडग्यांच्या रांगेत डोनाल्ड ट्रम्पही होते. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, ज्याने ज्याने वर्षभर छळलं त्याचा पुतळा, म्हणजे बडग्या, करून मिरवतात आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत जाळून टाकतात. महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, सगळ्यांचा नंबर आजवर लागून गेला आहे. त्या वर्षीचा मान अमेरिकेच्या अध्यक्षांना मिळाला, कारण भारतीय मालावर आधी 25 आणि वर आणखी 25 टक्के शुल्क त्यांनी त्याच ऑगस्टमध्ये लादलं.

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मग जे व्हायचं ते झालं. मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातला, नोकरीमुळे टेक्सासच्या लबॉकमध्ये राहतो. त्यामुळे अमेरिकेत काहीही घडलं की त्याचा जाब मला विचारला जातो. काकाजींनी लिहिलं, ‘तुह्या ट्रम्पानं आमचा कापूस मातीत घातला.’ चुलतभावाचं म्हणणं, ट्रम्प कायले, आपलंच सरकार मातीत घालते. आणि नागपूरचे आमचे एक जावई, जे पक्षाचं काम करतात, त्यांचं नेहमीचं: भाव जगातच पडलेत, मोदीजी तरी काय करणार?

तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. कोणाच्या पदरात किती दोष घालायचा, हिशेब तिथे चुकतो. आणि हा हिशेब चुकवण्यात अमेरिकन माणूस आपल्यापेक्षा तसूभरही मागे नाही.

2022 च्या उन्हाळ्यात इथे पेट्रोल गॅलनला सरासरी 5 डॉलरच्या वर गेलं. पंपावर जावं तर यंत्रावर बायडन यांचं चित्र चिकटवलेलं, बोट थेट किमतीच्या आकड्याकडे आणि शेजारी शब्द, ‘हे मी केलं!’ आमच्या कोपऱ्यावरच्या पंपावर दुकानातला पोरगा ते नखानं खरवडायचा. अर्धं निघायचं, अर्धं तसंच राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर नवं कोरं चिकटलेलं असायचं. मारबत ती हीच, फक्त जाळायची सोय नाही.

आता त्या वर्षी महागाई 9.1 टक्क्यांवर गेली, हे खरं. बायडन यांनी मार्च 2021 मध्ये 1.9 लाख कोटी डॉलरच्या मदतीवर सही केली आणि त्या पैशानं आगीत तेल पडलं, हेही अनेक अर्थतज्ज्ञ आता कबूल करतात. पण त्याच्या आदल्या वर्षी ट्रम्प यांनी 2.2 लाख कोटींवर सही केली होती. मध्येच युक्रेनचं युद्ध पेटलं. आणि त्याच 2022 च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये महागाई 11.1 टक्के होती. तिथे बायडन कधी निवडून आले होते?

इथल्या अध्यक्षाच्या हाती आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार कमी असतं. व्याजदर फेडरल रिझर्व्ह (फेड) ही मध्यवर्ती बँक ठरवते. तिचा प्रमुख अध्यक्ष नेमतो खरा, पण सिनेटनं होकार द्यावा लागतो, आणि एकदा नेमला की तो ऐकेलच असं नाही. तिजोरीच्या किल्ल्या काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे. जिमी कार्टर यांनी ऑगस्ट 1979 मध्ये पॉल व्होल्कर यांना फेडवर आणलं. व्होल्करनी महागाई मोडायला व्याजदर 20 टक्क्यांच्या घरात नेले. घरं विकली जाईनात, शेतकरी कर्जात बुडाले, आणि 1980 ला कार्टर पडले. बेकारी त्यानंतरही वाढत वाढत 1982 च्या अखेरीस 10.8 टक्क्यांवर गेली, मग महागाई बसली, आणि 1984 च्या प्रचारात त्याचं श्रेय रेगन यांनी मजेत घेतलं. कडू औषध देणारा एक, बरं झाल्याचे पेढे खाणारा दुसरा. थोरल्या बुश यांची गत तर याहून वाईट. मंदी मार्च 1991 मध्येच संपली होती, पण मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या संस्थेनं ते जाहीर केलं डिसेंबर 1992 मध्ये. नोव्हेंबरात निवडणूक होऊन बिचारे हरलेले होते.

म्हणून अध्यक्षाला सगळं माफ, असं मुळीच नाही. हर्बर्ट हूवर यांच्या नावानं लोकांनी झोपडपट्ट्यांना ‘हूवरव्हिल’ म्हटलं. 1929 चा बाजार कोसळला तेव्हा त्यांना गादीवर येऊन जेमतेम काही महिने झाले होते, त्याचा दोष त्यांना देणं अन्याय. पण 1930 मध्ये आयात शुल्क वाढवणारा कायदा त्यांच्यापुढे आला, हजारावर अर्थतज्ज्ञांनी लेखी विनवलं की सही करू नका, तरी त्यांनी केली. तो दोष सोळा आणे त्यांचाच. ट्रम्प यांच्या शुल्काचंही तेच. शुल्क लावायचा अधिकार राज्यघटनेनं काँग्रेसला दिलेला. 1977 चा एक आणीबाणीचा कायदा पुढे करून ट्रम्प यांनी तो स्वतः वापरला. त्यावर कोर्टकज्जे झाले, ती गोष्ट वेगळी. पण यात ना फेड, ना काँग्रेस. एक माणूस, एक पेन. तिरुपूरच्या कापडाची ऑर्डर त्यामुळे रद्द झाली असेल तर बडग्या बरोबर माणसाचाच जळला.

आता राळेगावकडे येऊ.

काकाजींच्या कापसाचा भाव ट्रम्प यांच्या शुल्कानं पडला का? न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात मे 2022 मध्ये कापूस पौंडाला 150 सेंटच्या वर होता. 2025 मध्ये तो 65 च्या आसपास रेंगाळत होता, आणि शुल्काच्या कितीतरी आधीपासून. ब्राझीलनं एवढा कापूस पिकवला की निर्यातीत अमेरिकेलाही मागे टाकलं, चीनची मागणी मंदावली, आणि पॉलिएस्टर तर स्वस्तच. म्हणजे जावयांचं म्हणणं इथपर्यंत बरोबर. (2022 मध्ये गावात क्विंटलला 10 हजारांच्या वर भाव मिळाला, तेव्हा ग्रुपवर कोणी जागतिक बाजाराचे आभार मानल्याचं मला आठवत नाही. माल कसा थांबवून धरला, हेच काकाजी सांगत होते.)

पण जावई एक गोष्ट गाळतात. विदेशी कापसावर भारतात 11 टक्के आयात शुल्क होतं. 19 ऑगस्ट 2025 पासून, म्हणजे पोळ्याच्या तीन दिवस आधी, केंद्र सरकारनं ते माफ केलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, आणि महिना संपायच्या आत मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. ट्रम्पच्या तडाख्यातून कापड गिरण्या वाचाव्यात म्हणून हे केलं, आणि गिरण्यांपुरतं ते चुकीचंही नव्हतं. पण ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे आमच्याकडे वेच्याचे दिवस. सीतादहीची पूजा करून पहिला कापूस घरात यायचा आणि बंदरात विनाशुल्क गाठी उतरायच्या, दोन्हीची वेळ एकच. यासाठी संसदेत मतदान लागत नाही, कोणाचा होकार लागत नाही. अर्थ मंत्रालयाची एक अधिसूचना पुरते. 2022 च्या एप्रिलमध्येही असंच झालं होतं.

घरच्या वादात मला हेच उलटं दिसतं. अमेरिकेचा अध्यक्ष सर्वशक्तिमान आणि आपले पंतप्रधान परिस्थितीपुढे हतबल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात लोकसभेत बहुमत असलेल्या पंतप्रधानाच्या हाताशी शेतमालाच्या बाबतीत जेवढे खटके आहेत तेवढे इथल्या अध्यक्षाला स्वप्नातही मिळत नाहीत. हमीभाव मंत्रिमंडळ ठरवतं. आयात-निर्यात रातोरात फिरते. खरेदी सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ करतं, तेही केंद्राचंच. 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये जाहीर झाला, आकडा चांगला होता. पण हमीभावाला विकायचं तर ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी, सातबारा, पीकपेरा, मग नंबर, आणि मग ओलावा. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत. दिवाळीच्या सुमारास पाऊस झाल्यावर 12 च्या आत कापूस आणायचा कुठून? काकाजींनी पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस रचला, घरात सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, नातवाला माळवदावर झोपवायला लागले, आणि शेवटी खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर हमीभावाच्या कितीतरी खाली घालून मोकळे झाले. सोसायटीचं कर्ज आणि रब्बीचं बियाणं थांबत नाही.

सही केल्याचा दोष दिसतो तरी. न केलेल्या सहीचा कोणालाच लागत नाही. बीटीचं, म्हणजे जनुक बदलून बोंडअळीला टक्कर देणाऱ्या कापसाचं, दुसरं वाण 2006 मध्ये आलं, त्यानंतर कापसात मोठ्या नव्या तंत्राला परवानगी मिळालेली नाही. गुलाबी बोंडअळीला त्या बीटीचं काही वाटेनासं झालं, 2017 ला तिनं शेतंच्या शेतं खाल्ली, आणि आज गावोगाव चोरबीटी (बिनपरवान्याचं बियाणं) पेरली जाते हे पोलीस पाटलापासून कृषी सहायकापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. द्यायची तर परवानगी द्या, नाही तर बंद करून दाखवा. मनमोहनसिंग 2006 च्या जूनअखेरीस विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज दिलं. त्यानंतर 2008 ची कर्जमाफी आली ती दोन हेक्टरच्या अटीसह, आणि आमच्याकडचा कोरडवाहू पाच-सहा एकरवाला बऱ्याच अंशी बाहेर राहिला. ती अट लिहिणाऱ्याचा बडग्या कधी निघाल्याचं मी ऐकलं नाही.

‘तिकडं बसून बोलणं सोपं हाये,’ हे मला ग्रुपवर दर वेळी ऐकवलं जातं. सोपं आहेच. पण इथे बसल्यामुळे एक गोष्ट जवळून दिसते. लबॉकच्या आसपासचा कापूसवाला बहुतेक ट्रम्पचा मतदार. भाव पडला म्हणून तोही शिव्या देतो, मात्र शिव्या देता देता त्याची संघटना वॉशिंग्टनला बिल लावून मोकळी होते. विम्याच्या हप्त्याचा निम्म्याहून जास्त भाग सरकार भरतं, ठरावीक पातळीखाली भाव गेला तर फरक मिळतो, आणि डिसेंबर 2025 मध्ये शुल्कयुद्धाची झळ म्हणून शेतकऱ्यांना 12 अब्ज डॉलर जाहीर झाले. कापूसही त्यात आला. ज्यानं शुल्क लावलं त्यानंच आपल्या शेतकऱ्याचं नुकसान भरून दिलं. यात न्याय किती आणि मतांची सोय किती, हे मी सांगत नाही. करदात्याच्या खिशातून झालेली ही उधळपट्टी मला पटतही नाही.

पण त्याच शुल्काचा मार राळेगावला दुहेरी बसला, आणि आपल्या बाजूला काय झालं? गिरण्यांना 11 टक्के सुटले, शेतकऱ्याला त्या अधिसूचनेत एक ओळ नव्हती. शुल्क माफ करायचंच होतं तर जोडीला भावांतर (हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक) द्यायचं, नाही तर मुदत सप्टेंबरातच संपू द्यायची होती. महाराष्ट्र सरकारनं 2023 च्या खरिपाला कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी 5000 रुपये दिलेच होते, म्हणजे वाट माहीत नव्हती असं नाही. काकाजींना मी हेच लिहिलं: ट्रम्पच्या नावानं पाहिजे तेवढं ओरडा, पण तुमचं मत त्याच्यापर्यंत पोचत नाही. खासदार गावात येईल तेव्हा त्याला 19 ऑगस्टपासून लागू झालेली अधिसूचना दाखवा आणि विचारा, पुढच्या वेच्याला आयात शुल्क राहणार की नाही, हे पेरणीच्या आधी सांगता का? त्यावर काकाजींचं उत्तर आलं, ‘तो येते तवा लग्नातच येते.’ मग लग्नात विचारा म्हटलं.