त्या बारा वर्षांच्या एडमंडसाठी

एका लेखात 'जर्मनी इयर झीरो' या युद्धानंतरच्या जर्मनीवरच्या पिक्चरबद्दल लिहिलंय की इटालियन दिग्दर्शक रोसेलिनी त्यातल्या एडमंड या पोराला फार थंडपणे दाखवतो. मला नाय पटलं. रोसेलिनीचा स्वतःचा मुलगा रोमानो १९४६ला वारला अन् हा पिक्चर त्याच्याच नावाने अर्पण केलाय, मग तो थंडपणा नाय हो, रडून रडून सुकलेला माणूस आहे तो. बाहेरचे सीन तर १९४७च्या खऱ्याखुऱ्या पडक्या बर्लिनमधे शूट केलेत.

सुरुवातीलाच बघा, पोरगं वय लपवून कबरी खणायला जातं आणि तिथून पण हाकलतात. हिटलरच्या भाषणाची रेकॉर्ड वाजवून सोजिरांना विकायला काढतो तो सीन तर डोक्यातून जातच नाही, भिंती कोसळल्यात अन् तो आवाज मात्र घुमतोय.

आणि शेवट (ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथेच थांबा), आजारी बापाला विष दिल्यावर पोरं खेळायला घेत नाहीत म्हणून हा एकटाच रस्त्यावर उड्या मारत, लंगडी घातल्यासारखा फिरत राहतो, तेव्हा कळतं अरे हे तर अजून लहान पोर आहे, आपण तासभर विसरूनच गेलो होतो. मी पुढची दोन मिनिटं पॉज करून बसलेलो.