स्वीडनचं उदाहरण देण्याआधी आपल्या डब्यात काय आहे ते बघा

'स्वीडनमधला कचरा संपला. आता तो देश शेजाऱ्यांकडून कचरा विकत घेऊन वीज करतो. आपल्याकडे कचऱ्याचे डोंगर पडलेत. ओला-सुका करत बसण्यापेक्षा सगळा भट्टीत टाका, वीज फुकट मिळेल आणि डंपिंग ग्राउंडही जाईल. फक्त इच्छाशक्ती हवी.' अशा अर्थाचा मजकूर सोसायट्यांच्या ग्रुपवर सतत फिरत असतो. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पण यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि ते वाचून लोक दोन डबे ठेवणं बंद करतात, म्हणून उत्तर द्यायला हवं.

स्वीडन कचरा विकत घेत नाही. नॉर्वे, ब्रिटनसारखे देश आपला कचरा घ्या म्हणून तिथल्या प्रकल्पांना पैसे देतात. शिवाय त्या प्रकल्पांचा मुख्य माल वीज नसून उष्णता आहे. नळांतून गरम पाणी घराघरांत जातं आणि हिवाळा निभावतो. आपल्या शहरांत त्या उष्णतेला गिऱ्हाईक नाही. नुसत्या विजेवर चालवायचं, तर कचऱ्यातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा हाती लागतो. आणि तिथेही सगळं भट्टीत जात नाही. पेयाच्या डब्यांवर अनामत रक्कम घेऊन ते परत गोळा करायची पद्धत १९८४ पासून आहे.

'वेगळं करायची गरज नाही' हे सगळ्यांत घातक. दिल्लीतल्या तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॅट वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. तो तीन आठवडे चालला आणि बंद पडला, कारण आलेल्या कचऱ्यात भट्टी धगधगती ठेवण्याइतका दम नव्हता. हिशोब सोपा आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात. आता आपला डबा बघा: पालेभाजीचे देठ, चहाचा चोथा, कलिंगडाच्या साली, उरलेला भात. त्यात हॉटेलांचं खरकटं आणि मंडईतला पाला घाला, वर झाडलोटीची माती आणि राडारोडा. पावसाळ्यात गाडीतून काळं पाणी रस्ताभर गळत जातं, ते आपण सगळेच बघतो. असा माल पेटवायचा म्हणजे आधी त्यातलं पाणी उकळायचं. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही ऊर्जेसाठी किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा अधिक उष्मांक (जळताना मिळणारी उष्णता) असलेला, पुनर्वापर न होणारा कचराच सांगितला होता.

ओल्या कचऱ्यातूनही ऊर्जा मिळते, पण ती कुजवून. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला 'निसर्गऋण' प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. गोव्यात साळगावचा प्रकल्प २०१६ पासून ओल्या कचऱ्यातून बायोगॅस आणि त्यातून वीज करतो. इंदूरमध्ये २०२२ साली रोज ५५० टन ओला कचरा घेऊन वाहनांसाठी गॅस बनवणारा प्रकल्प सुरू झाला. तो उभा राहू शकला, कारण त्या शहराने आधी घरोघरी वेगवेगळा कचरा घ्यायची शिस्त लावली होती. कुजवणाऱ्या टाकीला भेसळ चालत नाही. प्लास्टिकच्या पिशव्या वर तरंगून जाड थर धरतात, पंपाच्या पात्यांना गुंडाळतात, आणि माणूस आत हात घालून त्या ओढत बसतो. एकदम जास्त खरकटं ओतलं तर टाकी आंबट होते आणि गॅस तयार होणं थांबतं. म्हणून ओला आणि सुका एकत्र आला की दोन्ही यंत्रं फसतात: भट्टी विझू लागते आणि टाकी तुंबते.

फुकट विजेबद्दल थोडक्यात. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये कचऱ्यापासूनच्या विजेचा दर युनिटला ७ रुपये ४ पैसे ठरवला. सौरऊर्जेच्या निविदा आज याच्या निम्म्याहूनही कमी दरात येतात. जादा पैसा कचऱ्याची विल्हेवाट लावण्यासाठी मोजला जातो, आणि तो मोजणं मला मान्य आहे. मात्र त्याला फुकट म्हणू नये. पुठ्ठा आणि चांगलं प्लास्टिक भट्टीत गेलं, तर ज्यांचं पोट त्यावर चालतं त्या कचरावेचकांची रोजीही जळते. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका दारोदार जाऊन हेच वेगळं काढतात.

डंपिंग ग्राउंडही जात नाही. जाळल्यावर साधारण पाव वजन राखेच्या रूपात उरतं, आपल्या मातीमिश्रित कचऱ्यात त्याहून जास्त. धुराच्या गाळण्यांत अडकलेली बारीक राख तर विषारी असते, तिला स्वतंत्र, गळती न होणारा खड्डा लागतो. आणि धुरावर रोज नजर ठेवावी लागते. दिल्लीच्या ओखला प्रकल्पाला प्रदूषणापायी राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये २५ लाख रुपये भरायला लावले.

प्रकल्पच नकोत असं माझं म्हणणं नाही. पुनर्वापर न होणारी चिंध्या-वेष्टनं, फाटकी पादत्राणं जाळून वीज करणं, पुरून ठेवण्यापेक्षा बरं. इच्छाशक्तीही हवीच, पण ती घंटागाडीच्या पातळीवर. आमच्या गल्लीत येणाऱ्या गाडीला दोन कप्पे आहेत, तरी दोन्ही डबे एकाच कप्प्यात रिकामे होतात. तुमच्या शहरात ऊर्जाप्रकल्पाची घोषणा झाली, तर नगरसेवकाला मेगावॅट विचारू नका. ओला किती आणि सुका किती वेगळा येतो, त्याची रोजची वजनं मागा.