नवा मुलुख वसवायचाय? मग बायका लागतीलच

समजा, तुमच्या हाती एक भलामोठा मुलुख लागला आहे. तिथं माणसं आधीपासून राहतात, पण त्यांची नावं तुमच्या वहीत नाहीत, तेव्हा तो रिकामाच धरायचा. आता भरायचा कसा? नुसते पुरुष पाठवलेत तर ते सोनं शोधतील, दारू पितील, एकमेकांवर गोळ्या झाडतील आणि सोनं संपलं की पुढच्या डोंगराकडे चालू लागतील. त्यांचा तळ पडतो, गाव होत नाही. गाव व्हायला बाई लागते. एकोणिसाव्या शतकात मिसूरी नदीपासून प्रशांत महासागरापर्यंतचा प्रदेश अमेरिकेनं घशाखाली घातला, तेव्हा हे तंत्र तिथं फार उत्तम बसवलं गेलं. शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी प्रवास. निघायचं की नाही हे घरच्या कर्त्या पुरुषानं ठरवावं. बाईनं बांधाबांध करावी. प्रशांत किनाऱ्यावरच्या ऑरेगॉनची वाट सुमारे ३२०० किलोमीटरची, बैलगाडीनं चार ते सहा महिन्यांची. गाडीत सामान बसतं, बाई चालते. माळावर झाड नसलं म्हणून स्वयंपाक चुकत नाही. बायसनच्या रानगोवऱ्या वेचून ओच्यात भरायच्या आणि त्यावर भाकऱ्या नाही तरी बिस्किटं भाजायची. आपल्याकडच्या आज्यांना यात काहीच विशेष वाटणार नाही, पण पूर्वेकडच्या सोज्वळ घरांतून आलेल्या बायकांनी हात लावायच्या आधी नाक मुरडलं आणि दोन दिवसांत मुरडायचं सोडलं.

इथं एक सावधगिरी बाळगा. मुलीच्या हातात लेखणी देऊ नका. १८५२ मध्ये इलिनॉयच्या स्कॉट कुटुंबानं ही चूक केली. बारा बाळंतपणांनी खंगलेल्या आईला निघायचं नव्हतं, वडिलांना निघायचं होतं. म्हणजे निघायचं ठरलं. सतरा वर्षांच्या ॲबिगेलला वडिलांनी प्रवासाची डायरी लिहायला सांगितलं. आईला वाटेत कॉलरा झाला, ती गेली. पुढं धाकटा भाऊ गेला. पोरगी लिहीत राहिली. अशा मुलींना पुढं वाईट सवयी लागतात. हिला लागली ती आपण नंतर पाहू.

मुलुखात पोचल्यावर जमीन वाटायला घ्या. १८५० चा ऑरेगॉनचा जमीनदान कायदा डोळ्यांसमोर ठेवा. आधी येऊन बसलेल्या एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर, जोडप्याला ६४०, आणि त्यातली अर्धी बायकोच्या स्वतःच्या नावावर. केवढी ही उदारता! काळ्यांना अर्थातच काही नाही. शिवाय ज्या जमाती तिथं राहत होत्या त्यांच्याशी करार व्हायच्या आधीच वाटप सुरू, त्यामुळे दानाला खर्च शून्य. एकट्या असलेल्यांना लग्नासाठी १ डिसेंबर १८५१ पर्यंतची मुदत दिली होती. मग काय, ३२० एकर हुंडा घेऊन येणारी वधू कुणाला नको? बारा-तेरा-चौदा वर्षांच्या मुलींनाही स्थळं सांगून येऊ लागली. स्त्रीला मालमत्तेचा हक्क मिळाला; काहींना तो परकर-पोलक्याच्या वयातच मिळाला एवढंच.

१८६२ च्या होमस्टेड कायद्यानं हे आणखी सुबक केलं. १६० एकर, पाच वर्षं तिथं राहून कसायची. एकवीस वर्षांची अविवाहित मुलगी अर्ज करू शकते, विधवा करू शकते, नवऱ्यानं टाकलेली करू शकते. नवऱ्याबरोबर सुखानं नांदणारी मात्र नाही, कारण कुटुंबप्रमुख तो. थोडक्यात, ज्या बाईला नवरा आहे तिला आणखी जमिनीची हाव कशाला?

तरीही बायका येत नसतील तर वायोमिंगचा उपाय करा. १८६९ मध्ये तो प्रदेश नुकताच आखला होता आणि मोठ्या माणसांत सुमारे सहा पुरुषांमागे एक बाई होती. साउथ पास सिटी या खाणीच्या गावात दारूचा गुत्ता चालवणाऱ्या विल्यम ब्राइट यांनी विधेयक आणलं: बायकांना मत द्या. पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांत फुकट जाहिरात होईल, मुली गाड्या भरून येतील, असा एक विचार. यादवी युद्धानंतर काळे पुरुष मत देणार आणि माझ्या घरच्या गोऱ्या बायका नाही, हा दुसरा. सभागृह सगळं डेमोक्रॅट आणि गव्हर्नर कॅम्पबेल रिपब्लिकन. तो सही करणार नाही, मग त्याचीच फजिती, हा काहींचा तिसरा. कोणी विनोदाच्या सुधारणाही सुचवल्या. गव्हर्नरनं १० डिसेंबरला सही करून टाकली. अशा पवित्र हेतूंतून जगाच्या डोळ्यांत भरेल असा कायदा जन्माला आला. त्याच अधिवेशनात विवाहितेला मालमत्तेचा हक्क आणि शिक्षिकेला शिक्षकाइतका पगारही मंजूर झाला, तेव्हा कायदा वाईट होता असं कोण म्हणेल? हेतू विचारण्याची पद्धत तुम्हीही मोडून काढा.

मात्र हक्क दिलात की बाई तो वापरते, ही एक अडचण राहते. दोनच महिन्यांनी एस्थर मॉरिस साउथ पास सिटीच्या न्यायाधीश झाल्या. मार्चमध्ये लॅरमीत बायका ज्यूरीवर, म्हणजे कोर्टात निकाल देणाऱ्या पंचांत, बसल्या. चित्रकार त्यांची चित्रं काढायला टपलेले, म्हणून तोंडावर जाळी ओढून बसल्या, आणि गुत्तेवाल्यांना रविवारी दुकान बंद ठेवायला लावलं. सप्टेंबरात सत्तरीला टेकलेल्या लुइझा स्वेन यांनी मत दिलं. १८७१ मध्ये सभागृहानं पस्तावून कायदा मागे घ्यायचं ठरवलं. गव्हर्नरनं नकाराधिकार वापरला आणि तो मोडायला एक मत कमी पडलं. तुम्ही मतं नीट मोजून ठेवा. ज्यूरीपुरतं मात्र जमून गेलं: बायकांना तिथून उठवलं ते थेट १९५० पर्यंत. मत द्या, निकाल देऊ नका.

शेजारच्या युटाचा धडा तर वहीत उतरवून घ्यावा. तिथं मॉर्मन पंथाचे पुरुष अनेक बायका करत. पूर्वेकडच्या सुधारकांना वाटलं, या बिचाऱ्यांना मत मिळालं की त्या ही चाल मोडून काढतील. १८७० मध्ये मत मिळालं. बायकांनी नवऱ्यांच्याच पुढाऱ्यांना निवडून दिलं. चुकीचं मत देणाऱ्याला मताची गरज काय? काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, १८८७ मध्ये ते काढून घेतलं. त्याच वर्षी कॅन्ससमधल्या आर्गोनिया गावात काही पुरुषांनी चेष्टा म्हणून दारूबंदीवाल्या सुझाना सॉल्टर यांचं नाव नगराध्यक्षपदाच्या यादीत घातलं. त्यांना ते कळलं मतदानाच्या दिवशी. त्या निवडून आल्या. थट्टा करावी, पण मतपत्रिकेवर करू नये.

आता सर्वांत नाजूक भाग: शिकलेल्या, हुशार, स्वस्थ न बसणाऱ्या बायकांचं काय करायचं? त्यांना स्वतःच्या घरातलं सुधारू द्याल तर पंचाईत होईल. त्यांना दुसऱ्याच्या घरात पाठवा. पश्चिमेत अशी घरं भरपूर होती, आणि त्यांतल्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं. १८७९ मध्ये फिलाडेल्फियाच्या बायकांनी मूलनिवासींच्या भल्यासाठी संघटना काढली. पुढं सरकारनंही पगारी मेट्रन नेमल्या, ज्यांनी तिथल्या बायकांना शिवण, लोणी आणि साबण शिकवावं. घर कसं चालवावं हे, ज्यांच्या घराची जमीन चाललीय, त्यांना शिकवण्याइतकं समाधानाचं काम दुसरं नाही.

यातला आदर्श म्हणजे ॲलिस फ्लेचर. विदुषी, अविवाहित, कष्टाळू; मूलनिवासींचं भलं व्हावं अशी मनापासून तळमळ. ओमाहा जमातीच्या सामाईक जमिनीचं तुकडे पाडून वाटप त्यांनी केलं. १८८८ मध्ये वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथं त्यांनी मूलनिवासी बायकांचं म्हणणं प्रामाणिकपणे सांगितलं: आमच्यात असताना मी मोकळी होते, घर माझं होतं, देह माझा होता, हातची कमाई माझी होती, गोऱ्यांच्या कायद्याखाली असण्यापेक्षा ते बरं होतं. परिषदेत गोऱ्या बायका हेच हक्क स्वतःसाठी मागायला जमल्या होत्या. आणि पुढच्याच वर्षी फ्लेचरबाई साखळ्या-मापं घेऊन आयडाहोत नेझ पर्स जमातीच्या मुलुखात गेल्या. चार उन्हाळे मोजणी चालली. लोक त्यांना ‘मापं घेणारी बाई’ म्हणत. ज्या १८८७ च्या डॉस कायद्याखाली हे चाललं होतं त्यात कुटुंबप्रमुखाला १६० एकर आणि विवाहितेला काहीच नाही; दुरुस्ती झाली ती १८९१ मध्ये. वाटून ‘उरलेली’ पाच लाख एकरांहून अधिक जमीन १८९५ मध्ये गोऱ्यांना खुली केली. जिला स्वतःला राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही ती बाई दुसऱ्या बाईच्या पायाखालची जमीन मोजते आहे, आणि तिला पूर्ण खात्री आहे की ती उपकार करते आहे! अशी एक जरी मिळाली तरी सैन्याच्या दोन पलटणी कमी लागतात.

कधीकधी या उपकारांतून खरंच काही चांगलं घडतं, त्याकडे कानाडोळा करावा, कारण त्यानं उपरोधाची लय बिघडते. याच फ्लेचरबाईंच्या प्रोत्साहनानं आणि त्याच संघटनेच्या कनेटिकट शाखेच्या पैशानं ओमाहा जमातीची सुझन ला फ्लेश फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात शिकली आणि १८८९ मध्ये डॉक्टर झाली. तेच कॉलेज, जिथून आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चमध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. सुझन त्याच वर्षी दाखल झाली. काही महिन्यांनी चुकामूक झाली दोघींची. सुझननं गावोगाव घोड्यावरून फिरून रोगी तपासले, आणि नवरा वारल्यावर त्याची जमीन मुलांच्या नावावर करायला तिलाही सरकारी कचेरीशी भांडावं लागलं. शिकलेली असल्यानं भांडली, इतकंच.

आता त्या डायरीवाल्या मुलीचं. ॲबिगेलचं लग्न झालं, ती डनिवे झाली. नवऱ्यानं मित्राच्या कर्जाला जामीन राहताना तिचं ऐकलं नाही, शेत गेलं. पुढं नवऱ्याला अपघात झाला, तेव्हा टोप्यांचं दुकान काढून तिनं पोरं पोसली. दुकानात बायका टोप्या घ्यायला येत आणि नवऱ्यांच्या कहाण्या ठेवून जात. १८७१ मध्ये पोर्टलंडला तिनं स्वतःचं साप्ताहिक काढलं आणि सोळा वर्षं चालवलं. तिचा सख्खा भाऊ हार्वी ‘ओरेगोनियन’चा संपादक, स्त्रीमताधिकाराचा कट्टर विरोधक. घरातच असा माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं. ऑरेगॉनच्या पुरुषांनी १८८४, १९००, १९०६, १९०८ आणि १९१० मध्ये तिच्या मताधिकाराच्या मागणीला नाही म्हटलं. १९१२ मध्ये हो म्हटलं. मताधिकाराचा जाहीरनामा लिहायला लेखणी पुन्हा तिच्याच हाती दिली गेली, वय अठ्ठ्याहत्तर. बघा, सतराव्या वर्षीच काढून घेतली असती तर?

शेवटी उत्सवाची सोय करा. वायोमिंगनं स्वतःला ‘समतेचं राज्य’ म्हणवून घेतलं. नंतर १९१९ मध्ये एक गोष्ट प्रसिद्ध झाली की एस्थर मॉरिस यांनी १८६९ मध्ये घरी चहापानाला लोकांना बोलावलं आणि तिथंच ब्राइट यांच्याकडून विधेयकाचं वचन घेतलं. तोवर चहा देणाऱ्या बाई आणि वचन देणारे ब्राइट, दोघंही हयात नव्हते, आणि इतिहासकारांना या चहाचा आता मागमूस लागत नाही. पण गुत्तेवाल्याच्या हिशेबापेक्षा बाईचा चहा केव्हाही सोज्वळ. १९६० मध्ये एस्थरबाईंचा पुतळा देशाच्या राजधानीत काँग्रेसच्या इमारतीत बसवला गेला. ज्यूरीवर बायका परत येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. तुम्हीही पुतळ्याची वर्गणी आतापासूनच गोळा करायला लागा. हक्कांचं मागाहून बघता येईल.